टाचण्यांचे टोपडे : मॉर्मन स्त्रियांची कला आपल्या महिला मंडळात कशी समजावून सांगावी?

प्रश्न : चित्रकलेच्या बाई, निपाणी

नमस्कार. मी निपाणीजवळच्या एका मराठी शाळेत चित्रकला शिकवते. आमच्या महिला मंडळात दर महिन्याला एकीने एखाद्या विषयावर बोलायचे असते आणि या वेळी 'धर्म आणि स्त्रियांची कला' हा विषय माझ्याकडे आला आहे. मंडळात तंबाखूच्या वखारीत उमेदीची वर्षे घालवलेल्या, विड्या वळून मुलांची शिक्षणे केलेल्या बायका आहेत, तशा नोकरी करणाऱ्या तरुण मुलीही आहेत. त्यांच्यापुढे केवळ माहिती वाचून दाखवण्यात अर्थ नाही, म्हणून आधी मला स्वतःला हे नीट समजून घ्यायचे आहे.

तयारी करताना अँजेला एल्सवर्थ या अमेरिकन कलावतीच्या कामाचे छायाचित्र माझ्या पाहण्यात आले. एकोणिसाव्या शतकात पश्चिमेकडे स्थलांतर करणाऱ्या स्त्रिया उन्हापासून बचावासाठी हनुवटीखाली नाडी बांधायचे जे टोपडे घालत, तसे ते टोपडे होते. आपल्याकडच्या तान्ह्या मुलाच्या कुंचीची आठवण यावी असा त्याचा आकार आहे. प्रथम वाटले, मोत्यांनी मढवलेली एखादी शोभेची वस्तू असावी. नंतर लक्षात आले की ते मोती म्हणजे टाचण्यांची डोकी आहेत, अशा हजारो टाचण्या कापडातून आरपार टोचलेल्या आहेत आणि त्यांची सगळी टोके आतल्या बाजूला, म्हणजे जिथे डोके असायला हवे तिथे, वळलेली आहेत. मी कितीतरी वेळ ते चित्र मिटवू शकले नाही.

ही कलावती मॉर्मन, म्हणजे अमेरिकेत उगम पावलेल्या एका चर्चच्या, कुटुंबात वाढली आणि त्या चर्चचे पाचवे अध्यक्ष लोरेन्झो स्नो हे तिचे पूर्वज होते, एवढे मला समजले. अशा टोपड्यांची तिची मालिका संस्थापक जोसेफ स्मिथ यांच्या अनेक पत्नींशी जोडलेली आहे, हेही वाचले. माझी अडचण पुढची आहे. 'अनेक बायका' हा शब्द उच्चारला की मंडळातले सगळे लक्ष तिकडेच जाईल आणि परक्या धर्मातील एक चमत्कारिक प्रथा म्हणून गोष्ट तिथेच संपेल. मला तसे होऊ द्यायचे नाही. ही कला त्या धर्माचा अपमान म्हणून जन्मली आहे की त्या घरातच वाढलेल्या मुलीने मांडलेले गाऱ्हाणे म्हणून? आणि शिवणटिपण ज्यांच्या हातात आहे अशा बायकांना ती कोणत्या दाराने आत नेऊन दाखवावी? कोणी जाणकार सांगतील तर आभारी राहीन.

उत्तर : मलप्रभाकाठ, खानापूर

बाई, आपला प्रश्न वाचून समाधान वाटले, कारण या विषयात शिरण्याचे दार आपण जवळजवळ उघडलेच आहे. मी निवृत्त इतिहास शिक्षक आहे आणि अमेरिकेतील स्त्रियांच्या मताधिकाराचा इतिहास वाचता वाचता या समाजापर्यंत पोहोचलो. माझ्या मते सुरुवात बहुपत्नीत्वापासून करू नये, सुईपासून करावी.

जोसेफ स्मिथ यांनी १८३० साली न्यूयॉर्क राज्यात हे चर्च स्थापन केले. पुढे इलिनॉय राज्यातील नॉव्हू या गावी मंदिराचे बांधकाम चालू असताना सारा किंबॉल नावाची एक स्त्री आणि तिच्याकडे शिवणकाम करणारी मार्गारेट कुक यांनी मंदिरावर राबणाऱ्या मजुरांसाठी सदरे शिवून द्यायचे ठरवले. एकीकडे कापड होते, दुसरीकडे हात होता. त्यातून स्त्रियांचे मंडळ काढण्याची कल्पना पुढे आली आणि १७ मार्च १८४२ रोजी २० स्त्रियांच्या उपस्थितीत रिलीफ सोसायटी स्थापन झाली. जोसेफ यांची पत्नी एमा तिची पहिली अध्यक्ष होती. आज तिच्या सदस्यांची संख्या ७० लाखांवर आहे. आपल्या मंडळातील बायकांना ही गोष्ट परकी वाटणार नाही.

आता मला ज्या प्रसंगाबद्दल फार वाटते तो सांगतो. २८ एप्रिल १८४२ रोजी या मंडळापुढे बोलताना जोसेफ स्मिथ यांनी 'मी किल्ली तुमच्याकडे फिरवतो' अशा अर्थाचे शब्द वापरल्याची नोंद मंडळाच्या मूळ वहीत आहे. काही वर्षांनी चर्चचा अधिकृत इतिहास छापला गेला, तेव्हा ते वाक्य 'मी तुमच्या वतीने किल्ली फिरवतो' असे झाले. आपल्याकडे सासूने कमरेच्या किल्ल्या सुनेच्या हाती देणे आणि 'तुला हवे ते मी काढून देईन' असे म्हणणे यात जेवढे अंतर आहे, तेवढे अंतर या दोन वाक्यांत आहे. एका शब्दयोगी अव्ययाने किल्ली हातातून गेली.

हे केवळ शब्दांपुरते राहिले नाही. एकोणिसाव्या शतकात मॉर्मन स्त्रिया आजाऱ्याच्या डोक्यावर हात ठेवून प्रार्थना करीत, बाळंतपणापूर्वी एकमेकींना आशीर्वाद देत. १९४६ साली चर्चच्या पत्राने ही रीत थांबवण्यात आली. हा समाज पुढे स्थलांतर करून पश्चिमेकडील ज्या युटा प्रदेशात वसला, तिथल्या स्त्रियांना १८७० साली, म्हणजे अमेरिकेतील बहुतेक स्त्रियांच्या अर्धशतक आधी मताधिकार मिळाला. १८८७ साली बहुपत्नीत्वविरोधी कायद्याद्वारे केंद्र सरकारने तो काढून घेतला आणि १८९६ साली युटा राज्य झाल्यावर तो परत मिळाला. त्याच वर्षी मार्था ह्यूज कॅनन ही डॉक्टर स्त्री राज्याच्या सिनेटवर निवडून आली, अमेरिकेतील कोणत्याही राज्यातील पहिली स्त्री सिनेटर म्हणून. त्या निवडणुकीत पराभूत झालेल्या उमेदवारांमध्ये तिचा पतीही होता, आणि ती त्याची चौथी पत्नी होती. बहुपत्नीत्वाच्या घरातील स्त्री मुकी आणि दुबळी असते, ही आपली समजूत इथे टिकत नाही.

१८७२ ते १९१४ या काळात या स्त्रियांचे स्वतःचे नियतकालिक होते. त्यानंतरचे मासिक १९७० साली बंद झाले, त्याच सुमारास मंडळाचा स्वतंत्र पैसाही चर्चच्या मध्यवर्ती व्यवस्थेत गेला. चार वर्षांनी, १९७४ साली, बोस्टन परिसरातील काही मॉर्मन स्त्रियांनी आजीच्या त्या पहिल्या नियतकालिकाचेच नाव घेऊन नवे पत्र सुरू केले. म्हणून मी म्हणतो की या समाजातील स्त्रीवादी कला बाहेरून आणलेली नाही. आपल्याच आजीच्या पेटीत एकेकाळी काय होते, ते नातीने हुडकून काढले आहे.

आता टोपड्याविषयी. मालिकेच्या इंग्रजी नावात 'द्रष्टा' या अर्थाचा शब्द आहे. जोसेफ स्मिथ एक विशिष्ट दगड टोपीत ठेवून, टोपीत तोंड घालून धर्मग्रंथाचा मजकूर सांगत, असे त्यांच्या परंपरेत नोंदलेले आहे. त्या दगडाचे छायाचित्र चर्चने २०१५ साली स्वतः प्रसिद्ध केले. दर्शनाची ती टोपी पुरुषाची होती. एल्सवर्थ यांनी ती पत्नींच्या डोक्यावर ठेवली आहे. त्यामुळे आतल्या टोकांकडे पाहताना केवळ यातना पाहू नये. या स्त्रियांनाही काही दिसत असेल, त्यांनाही काही ऐकू येत असेल, असा दावा तिथे आहे, आणि तो दावा डोक्यावर घेताना काय सोसावे लागते तेही आहे.

उत्तर : शिवणवर्ग, वडगाव

बाईंना आणि सरांना नमस्कार. मी वडगावात शिवणवर्ग चालवते, माझे सासर विणकरांचे आहे. मला त्या धर्मातील काही ठाऊक नव्हते, पण बाईंनी वर्णन केलेले टोपडे मी शोधून पाहिले आणि कारागीर म्हणून जे दिसले ते लिहिते.

टोपडे शिवताना आपण शेवटी अस्तर लावतो. अस्तर शोभेसाठी नसते. आतल्या शिवणी, गाठी, कापडाच्या कातरलेल्या कडा डोक्याला टोचू नयेत म्हणून ते असते. बाळाची कुंची शिवताना माझी सासूबाई अस्तराचे कापड आधी स्वतःच्या गालाला लावून पाहत असत. या कलावतीने सगळे केले आहे, आकार दिला आहे, टाचणीला टाचणी भिडवून मोत्यांची वीण बांधली आहे, फक्त अस्तर दिलेले नाही. बाहेरून पाहणाऱ्याला मोती आणि घालणारीला टोके, एवढेच तिने केले आहे. आपल्या बायकांना हे एका वाक्यात समजेल, असे मला वाटते, कारण ज्या घराची बाहेर वाहवा होते त्याचे अस्तर कोण होऊन राहते हे त्यांना कोणी शिकवायला नको.

दुसरे म्हणजे 'सवत' हा शब्द टाळू नये. माझ्या आजेसासूबाई धाकट्या होत्या. हिंदूंमध्ये दुसरी बायको करण्यास बंदी घालणारा कायदा मुंबई प्रांताने १९४६ साली केला, आणि बेळगाव त्या वेळी मुंबई प्रांतात होते. म्हणजे ही गोष्ट आपल्यापासून दोन-तीन पिढ्याच दूर आहे. मॉर्मन चर्चने नवीन बहुपत्नीविवाह थांबवत असल्याचे १८९० साली जाहीर केले, आपल्या आधी. परक्यांची प्रथा म्हणून बोट दाखवण्याआधी हे सांगितले तर सभेतील हसू आपोआप थांबेल.

आणखी एक. सॉल्ट लेक सिटीतील एका विभागाच्या रिलीफ सोसायटीने १८५७ साली मिळून एक गोधडी केली होती, असे मी काल वाचले. प्रत्येकीने आपापला चौकोन केला आणि त्यावर आपले नाव घातले. पुढे वारसदारांत वाटणी करताना ती गोधडी मधोमध कापली गेली. वाचून माझे मन फार वेळ तिथेच राहिले. आपल्याकडे खेड्यांत जी वाकळ शिवतात, जिला कानडी बोलणाऱ्या शेजारणी कौदी म्हणतात, तिच्यात आईचे लुगडे, आजीचे लुगडे, मुलाचा फाटका सदरा असे सगळे थर असतात आणि वरून शेवटपर्यंत धावदोरा असतो. पण शिवणारीचे नाव मी आजवर एकाही वाकळेवर पाहिलेले नाही.

उत्तर : कॅम्प, बेळगाव

मी बेळगावच्या कॅम्प भागातील मराठी ख्रिस्ती कुटुंबातील आहे. वरील उत्तरे मनापासून लिहिलेली आहेत, तरी काही गोष्टी जोडणे मला आवश्यक वाटते.

पहिली गोष्ट नावाची. हे लोक स्वतःला ख्रिस्ती मानतात, जगातील अनेक जुन्या चर्चसंस्था त्यांचा तो दावा मान्य करीत नाहीत, आणि माझ्या स्वतःच्या श्रद्धेतही त्यांच्याशी मोठा भेद आहे. तरीही त्यांच्या अध्यक्षांनी २०१८ साली 'मॉर्मन' हे टोपणनाव न वापरता चर्चचे पूर्ण नाव, म्हणजे 'येशू ख्रिस्ताचे उत्तरकालीन संतांचे चर्च' अशा अर्थाचे नाव, घेण्याची विनंती केली आहे. बाईंनी बोलताना निदान एकदा ते पूर्ण नाव घ्यावे. हे लोक आपल्यापासून फार दूर आहेत असेही नाही. त्यांचे भारतातील पहिले मंदिर आपल्याच राज्यात, बेंगळुरू येथे, २०१८ साली जाहीर झाले. आज जे गट बहुपत्नीत्व पाळतात ते वेगळे आहेत. मुख्य चर्च तसे विवाह करणाऱ्याला सदस्य म्हणून राहू देत नाही. हा भेद स्पष्ट केला नाही तर सभेत मोठा गैरसमज होईल.

दुसरी गोष्ट मला अधिक महत्त्वाची वाटते. सरांच्या उत्तरातून असा समज होऊ शकतो की त्या चर्चमध्ये राहिलेली प्रत्येक स्त्री हरवलेल्या किल्लीसाठी झुरत आहे. बेंगळुरूला नोकरीनिमित्त राहत असताना त्या चर्चच्या दोन तरुण प्रचारिका माझ्या शेजारी राहत होत्या. त्यांचा आनंद आणि त्यांची शिस्त मी जवळून पाहिली आहे, त्या कोणाच्या दबावाखाली आहेत असे मला कधी जाणवले नाही. त्याच वेळी हेही खरे आहे की त्यांच्या चर्चमध्ये १२ वर्षांच्या मुलाला जे याजकपद मिळते ते त्याच्या आईला मिळत नाही, आणि सहा महिन्यांतून एकदा होणाऱ्या त्यांच्या सर्वसाधारण परिषदेत स्त्रीने प्रार्थना म्हणण्याचा पहिला प्रसंग एप्रिल २०१३ मध्ये आला. स्त्रियांना याजकपद मिळावे म्हणून चळवळ उभारणाऱ्या केट केली यांना २०१४ साली चर्चमधून काढून टाकण्यात आले. दोन्ही गोष्टी एकाच घरातील आहेत. बाईंनी दोन्ही सांगाव्यात.

त्यांच्या शिकवणुकीत एक असे स्थान आहे जे आमच्या चर्चमध्ये नाही. स्वर्गातील पित्याबरोबर स्वर्गातील माताही आहे, असे ते मानतात. लोरेन्झो स्नो यांची बहीण एलायझा हिने १८४५ साली लिहिलेल्या कवितेत या मातेचा उल्लेख आहे आणि ती कविता आजही भजन म्हणून गायली जाते. मात्र त्या मातेची प्रार्थना करू नये, असे १९९१ साली त्यांच्या नेतृत्वाने सांगितले. प्रार्थनेत जिचे नाव घेता येत नाही तिचे चित्र मात्र काढता येते, आणि अलीकडच्या काळात त्यांच्यातील अनेक चित्रकारांनी ते काढले आहे. मला वाटते, या कलेचा सर्वांत कोवळा भाग तिथे आहे.

चित्रकलेच्या बाई, निपाणी

आपण तिघांनीही इतक्या आपुलकीने लिहिलेत, मी ऋणी आहे. कॅम्पमधल्या ताईंनी माझी एक मोठी चूक होता होता वाचवली.

स्वर्गातील मातेविषयी वाचून मात्र मन थबकले. आमच्या मंडळातील अर्ध्या बायका दरवर्षी सौंदत्तीच्या यल्लम्माच्या डोंगरावर जातात. तिथे आईच सर्वस्व आहे. मार्गशीर्षाच्या पौर्णिमेला तिच्या वैधव्याच्या दुःखात बायका बांगड्या फोडतात, इतके ते नाते जवळचे आहे. तरीही त्याच आईच्या नावाने मुली सोडल्या जात आणि ते थांबवण्यासाठी कर्नाटकाला १९८२ साली कायदा करावा लागला. म्हणून देवी गाभाऱ्यात असली की बाईला मान मिळतोच, असे मी म्हणू शकत नाही. आणि त्यांच्याकडे माता मुकी आहे म्हणून आपण पुढे आहोत, असेही मंडळात कोणाला म्हणू देणार नाही.

आता शेवटची शंका. चर्चमध्येच राहून, श्रद्धा न सोडता, हेच काम करणारी एखादी चित्रकार आहे का? केवळ टाचण्यांचे टोपडे दाखवले तर चित्र एकांगी होईल, अशी भीती वाटते.

उत्तर : मलप्रभाकाठ, खानापूर

कॅम्पमधील ताईंचा आक्षेप मला मान्य आहे. माझ्या लिहिण्यात तो तोल राहिला नव्हता, आणि त्याची भरपाई म्हणून मी आपल्याला मिनर्व्हा टायकर्ट यांचे नाव सुचवतो.

त्यांचा जन्म १८८८ चा आणि मृत्यू १९७६ चा. न्यूयॉर्कमध्ये रॉबर्ट हेन्री यांच्यासारख्या नामवंत चित्रकाराकडे त्या शिकल्या, आणि आपल्या लोकांची गोष्ट तूच रंगव, असे त्या गुरूंनीच त्यांना सुचवले. त्यानंतर त्यांचे आयुष्य वायोमिंग राज्यातील कोकव्हिल या लहानशा गावी, गुराढोरांच्या व्यापात, संसारात आणि पाच मुलांच्या संगोपनात गेले. स्वतंत्र चित्रशाळा नव्हती. बैठकीच्या खोलीच्या भिंतीवर कापड लावून त्या भित्तिचित्राएवढी चित्रे काढीत. खोली अरुंद, मागे सरकून पाहायला जागा नाही, म्हणून दुर्बीण उलटी धरून त्यातून आपले चित्र लांबून कसे दिसेल ते त्या पाहत. मुलांच्या आणि इतरांच्या महाविद्यालयीन शुल्कापोटी त्यांनी चित्रे दिली. एका कोपऱ्यात चूल आणि समोर सबंध इतिहास, अशी ती खोली माझ्या डोळ्यांपुढून हलत नाही. आपल्याकडची कोणती चित्रकार स्त्री हे ओळखणार नाही?

त्यांच्या स्थलांतराच्या चित्रांत स्त्रिया गाडीच्या मागे, सामानासारख्या बसलेल्या नाहीत. त्या पुढे आहेत, चालत आहेत, मूल कडेवर घेऊन दिशा दाखवत आहेत. त्या श्रद्धावान होत्या आणि शेवटपर्यंत श्रद्धावान राहिल्या. चर्चच्या मंदिरातील भित्तिचित्राचे काम ज्यांच्याकडे सोपवले गेले अशा त्या पहिल्या स्त्री, आणि १९४७ साली युटातील मँटाय येथील मंदिरात त्यांनी जगाच्या इतिहासाची भव्य मिरवणूक रंगवली. २०२१ साली नूतनीकरणासाठी ती भित्तिचित्रे काढण्याचा निर्णय झाला. लोकांनी, त्यांत मुख्यतः त्याच चर्चच्या सदस्यांनी, कळकळीने विनंत्या केल्या आणि काही आठवड्यांत निर्णय बदलला. २०२४ साली मंदिर पुन्हा उघडले तेव्हा चित्रे आपल्या भिंतीवर होती.

आजच्या पिढीत पेज क्रॉसलंड अँडरसन गोधडीच्या चौकटींची रचना रंगांत उतरवतात, थरावर थर देऊन. वडगावच्या ताईंना ती चित्रे नक्की दाखवा.

उत्तर : शिवणवर्ग, वडगाव

मी ती चित्रे पाहिली. रंग वाळल्यावर त्यावर दुसरा थर, मग तिसरा, आणि खालचे थोडे दिसू द्यायचे. वाकळेचेच गणित आहे.

बाई, आपली बैठक दुसऱ्या शनिवारी असेल तर त्या दिवशी मला वर्गाची सुट्टी आहे. माझ्या आजेसासूबाईंनी आणि त्यांच्या थोरल्या सवतीने मिळून शिवलेली एक वाकळ आमच्या घरी आहे. दोघींचा धावदोरा वेगळा ओळखू येतो, एकीचा टाका बारीक आणि तिरपा, दुसरीचा मोठा पण सरळ, आणि मधल्या एका पट्टीत दोन्ही टाके एकमेकींत मिसळलेले आहेत. टोपड्याच्या चित्राशेजारी ती मांडता येईल. मी सकाळच्या बसने निपाणीला येईन, बायकांना तिला हात लावून पाहू द्या. फक्त ती घडी करून ठेवू नका, मधला दोरा आता फार जुना झाला आहे.

चित्रकलेच्या बाई, निपाणी

ताई, अवश्य या. बसस्थानकावर मी स्वतः घ्यायला येते. घडी न करता अंथरता यावी म्हणून शाळेतले दोन लांब बाक जोडून ठेवते. आणि आपली परवानगी असेल तर त्या दोघींची नावे कागदावर लिहून वाकळेपाशी ठेवू इच्छिते. ती मला कळवाल का?